शंभरातून सात

"शंभरातून सात वजा करा," डॉक्टर म्हणाल्या.

बाबांना ते लागलं. ३४ वर्षं हिशेबखात्यात काढलेल्या माणसाला शंभरातून सात! "त्र्याण्णव," ते म्हणाले, आणि डॉक्टरांनी पुढचं विचारायच्या आत सुटलेच, "शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट..." थांबवलं नसतं तर शून्याच्याही खाली गेले असते. मी ताईकडे पाहिलं. माझ्या नजरेत 'बघ, मी म्हणत नव्हते?' असंच काहीतरी असणार.

मग डॉक्टरांनी साल विचारलं. बाबा मिश्कील हसले. "तुमच्याकडे कॅलेंडर नाही वाटतं?" महिना? "बाहेर बघा की, कळेल." मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले तीन शब्द? "कुठले शब्द? मला कुणी काही सांगितलेलं नाही." हे म्हणताना त्यांनी ताईकडे असं पाहिलं, की ते शब्द तिनेच कुठेतरी दडवून ठेवलेत. शेवटी कागदावर घड्याळ काढायला दिलं. गोल सुरेख आला. पण बाराच्या बारा आकडे त्यांनी उजव्या अर्ध्या भागात कोंबले आणि पेन टोपण लावून परत दिलं.

स्मरणशक्तीच्या अशा चाचण्यांमधली सगळ्यांत प्रसिद्ध चाचणी १९७५ची, ३० गुणांची. सात-सात वजा करत जाणं हा तिच्यातलाच एक प्रश्न. बाबांना किती गुण पडले ते सांगत नाही. त्यांना आवडलं नसतं. निघताना डॉक्टर ताईला म्हणाल्या, "पुढे-पुढे तुम्हालाही ओळखणार नाहीत. मनाला लावून घेऊ नका." आणि मला एकदम कॉलेजात पाठ केलेली ओळ आठवली, "मी कोण आहे, हे मला कोण सांगू शकेल?" त्या रात्री झोप येत नव्हती, म्हणून शेक्सपिअरचं 'किंग लिअर' काढून बसले.

या नाटकावर मी एके काळी भरघोस मार्क मिळवलेत. उत्तर ठरलेलं असायचं. भोळा बाप, दोन कृतघ्न मुली, एक गुणी मुलगी, वादळ, पश्चात्ताप. आपल्याकडे तर १९७० पासून लिअर बहुतेकांना 'नटसम्राट'मधूनच भेटतो, आणि त्या नाटकातून बाहेर पडताना आपण पोटच्या मुलांवर चिडलेले असतो. म्हातारा माणूस मुळात आजारी असेल, ही शक्यता त्या चिडण्यात मावतच नाही.

या वेळी मात्र पहिल्याच प्रवेशात अडखळले. तीही एक परीक्षाच आहे की! ऐंशी ओलांडलेला राजा तीन मुलींना भर दरबारात उभं करतो आणि विचारतो, सांगा, माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम कुणाचं? प्रश्न तिघींना एकच, गुणांच्या जागी राज्याचे तुकडे. गंमत म्हणजे नकाशा आधीच आखून झालाय, म्हणजे निकाल तयार आणि परीक्षा नंतर. थोरल्या दोघी पाठ केल्यासारखी उत्तरं देतात. धाकटी, लाडकी कॉर्डेलिया म्हणते, "काही नाही, महाराज." एवढ्यावर तो तिला तोडून टाकतो, मध्ये पडलेल्या केंट या जुन्या सरदाराला हद्दपार करतो, मुकुट जावयांच्या हातात देतो. राज्य, लेक आणि सर्वांत जुना माणूस, तिन्ही एका बैठकीत. तापट माणसं मी पाहिली आहेत. पण राग कारणाच्या मानाने केवढा आला आणि तो उतरतोय का, हे बघायचं असतं. हे मला ताईने शिकवलं.

सगळे निघून गेल्यावर थोरल्या दोघी, गॉनेरिल आणि रीगन, मागे राहतात. दरबारात पद्यात चाललेलं नाटक इथे साध्या गद्यावर उतरतं. दोन बहिणी ओट्याशी उभ्या राहून बोलाव्यात तसं. वयामुळे किती बदलतायत बघ, एक म्हणते. धाकटीवर सगळ्यांत जास्त जीव होता आणि तिलाच हाकलून दिलं, हे काही ठीक लक्षण नाही. दुसरी म्हणते, वयाचंच आहे हे. पण तसं त्यांना स्वतःला नीट ओळखणं कधी जमलंच नाही. त्यावर पहिली आणखी नेमकं बोलते. धडधाकट होते तेव्हाही ते उतावळेच होते. आता मूळच्या स्वभावातले दोष आहेतच, शिवाय म्हातारपणाने आणलेला लहरीपणा वर.

मूळचा स्वभाव किती आणि नवा बदल किती, हे वेगळं काढून सांगता आलं की निम्मी केस लिहून झाली. डॉक्टरांनी आम्हाला हेच विचारलं होतं, "आधी कसे होते?" शेक्सपिअरने इतकं अचूक निदान नाटकातल्या सगळ्यांत वाईट दोन माणसांच्या तोंडी घातलंय. ज्यांचं लिअरवर खरंखुरं प्रेम आहे, तो केंट आणि ती कॉर्डेलिया, त्याच्याशी ठणठणीत माणसाशी वाद घालावा तसा वाद घालतात. केंट 'म्हाताऱ्या' म्हणून त्याच्यावर ओरडतोसुद्धा. म्हातारचळ लागलाय हे ओळखलं दोघींनीच, आणि ओळखून त्याचं केलं काय, तर हत्यार.

ताईचे फोन आठ-दहा महिने आधीच सुरू झाले होते. बाबांनी कामाच्या बाईंवर हात उगारला. बाबा रात्री दोनला आंघोळ करून ऑफिसला निघाले. बाबा म्हणतात, मी त्यांची पेन्शन खाते. मी दुसऱ्या शहरात बसून म्हणायचे, "अगं, वय झालंय, चालायचंच. तू फार मनावर घेतेस." माझ्याशी फोनवर बाबा झकास बोलायचे. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं कुणालाही झकास बोलता येतं. मला तर मनातून ताई थोडी गॉनेरिलच वाटायला लागली होती, हे आता लिहूनच टाकते. त्या हिशेबात मी कोण होते, ते सांगायला नको.

आता पहिला अंक पुन्हा वाचा. गॉनेरिल दुष्ट आहे यात वाद नाही, पुढे ती सख्ख्या बहिणीला विष घालते. पण या घडीला तिच्या घरात शंभर स्वार घेऊन आलेला, हुकूम सोडून जेवण मागवणारा, विदूषकाला बोलला म्हणून तिच्या माणसाला मारणारा बाप राहतोय. "दिवसरात्र छळतात," ती म्हणते. रात्रंदिवस घरात कोण आहे? ती. कॉर्डेलिया कुठे आहे? फ्रान्समध्ये.

आणि मग ती वजाबाकी येते. शंभर स्वारांचे गॉनेरिल पन्नास करते. लिअर संतापून रीगनकडे जातो, ती म्हणते पंचवीसच आणा. यावर राजा जे बोलतो ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. तो गॉनेरिलकडे वळून म्हणतो, मी तुझ्याकडेच येतो; तुझे पन्नास तिच्या पंचविसाच्या दुप्पट आहेत, म्हणजे तुझं प्रेम तिच्या दुप्पट. गणित बिनचूक! बाबांच्या त्र्याण्णव, शहाऐंशीसारखं. आकडेमोड शाबूत आहे, आकडा कशाचा ते निसटलंय. मुली पुढे खाली उतरत राहतात. पंचवीस तरी कशाला, दहा कशाला, पाच कशाला? रीगन शेवटची पायरी सांगते, एक तरी कशाला? डॉक्टरांच्या खोलीत बाबांना मी शून्यापर्यंत जाऊ दिलं नाही, याचं आता बरं वाटतं.

नाटकातली मला सगळ्यांत भीतिदायक वाटलेली जागा वादळात नाही. ती आधीची आहे, पहिल्या अंकाच्या अखेरीस, एका अगदी छोट्या प्रवेशात. गॉनेरिलच्या घरातून निघायची तयारी चाललीय, घोडे यायचेत, आणि वेळ घालवायला विदूषक राजाला कोडी घालतोय. नाक चेहऱ्याच्या मधोमध का असतं? गोगलगायीला घर कशाला? राजा उत्तरं देतो, पण मन दुसरीकडेच आहे, मध्येच पुटपुटतो, "मी तिच्यावर अन्याय केला." कुणावर ते सांगत नाही. विदूषक विचारतो, कृत्तिकांचे सात तारे सातच का? लिअर म्हणतो, "कारण ते आठ नाहीत." विदूषक शाबासकी देतो, तू चांगला विदूषक झाला असतास. आणि थोड्याच वेळात, काही कारण नसताना, राजा देवाला विनवतो, "मला वेड लागू देऊ नकोस. वेड नको. मला ताळ्यावर ठेव."

बाहेरच्या कुणाला अजून पत्ता नाही. आतल्याला आतून कळलंय.

बाबांच्या उशाखाली ताईला पुढे एक वही सापडली. हिशेबाचीच, उभ्या लाल रेघांची. अक्षर तेच, किंचित उजवीकडे कललेलं, मोत्यासारखं. "बाथरूम: डावीकडचं दार." "चष्मा: खिशात बघणे." "गोळी घेतली", पुढे बरोबरची खूण, त्याखाली पुन्हा "गोळी घेतली", पुन्हा खूण. आणि एका पानावर, दोनदा अधोरेखित करून, "वार विचारू नये. विचारून झाला आहे." वहीतल्या पहिल्या तारखा ताईच्या पहिल्या फोनच्याही आधीच्या होत्या. आम्ही वाद घालत होतो त्याच्या किती आधीपासून हा माणूस एकटाच स्वतःवर पहारा देत बसला होता!

वादळाबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण सगळे त्याबद्दलच लिहितात. लक्षणं तिथे ढिगाने आहेत. वेड्याचं सोंग घेतलेला, अंगावर धड कपडा नसलेला एडगर दिसला की लिअरचा पहिला प्रश्न, "तूही सगळं मुलींना देऊन टाकलंस का?" दुसरं काही सुचतच नाही, गाडी त्याच रुळावर. पुढे एका स्टुलाला मुलगी समजून तो तिच्यावर खटला चालवतो. हा प्रवेश १६०८च्या छापील प्रतीत आहे, १६२३च्या प्रतीत गाळलाय. नसलेली कुत्री त्याच्यावर भुंकतात, त्यांची नावंही त्याला ठाऊक आहेत. नंतर एक नसलेला उंदीर दिसतो, तर त्याला चीजचा तुकडा दाखवून तो हळू आवाजात इतरांना गप्प करतो. आणि मध्येच लख्ख, आंधळ्या झालेल्या मित्राला म्हणतो, "मी ओळखतो तुला. तू ग्लॉस्टर." ही ऊन-सावली घरातल्यांना सगळ्यांत जास्त थकवते. बाहेरचा येतो तेव्हा नेमकं ऊन असतं.

नेमका आजार कोणता, यावर डॉक्टर मंडळींनी बरंच लिहिलंय. कुणी म्हणतं स्मृतिभ्रंश. त्यातही भास आणि चढउतार ठळक असतात तो, लेवी बॉडीचा. कुणाला ती दोन टोकांमध्ये झुलणारी मनोवस्था वाटते. माझ्यासारख्या बिनडॉक्टर बाईला विचाराल तर दोन गोष्टी एकावर एक चढल्यात. आधीपासून हळूहळू पोखरणारं काहीतरी, आणि त्यावर ऐंशीच्या माणसाची थंडीपावसातली, बिनझोपेची एक रात्र, म्हणजे जुनी माणसं ज्याला 'वात झाला' म्हणत तो प्रकार. वात झोपेने उतरतो, खालचं तसंच राहतं. नाटकात पुढे तंतोतंत तसंच घडतं. अर्थात लिअर हा रुग्ण नव्हे, पात्र आहे. शेक्सपिअरच्या काळात यातलं एकही नाव नव्हतं. लिअर स्वतःच्या छातीत चढत येणाऱ्या कढाला जे नाव देतो, ते तेव्हा गर्भाशयातून वर चढणाऱ्या विकाराचं म्हणून मानलं जाई, आणि मुख्यतः बायकांना चिकटवलं जाई. पण नाव नसलं तरी माणसं होतीच. १६०३ मध्ये केंट परगण्यातल्या ब्रायन अ‍ॅनस्ली नावाच्या वृद्ध सरदाराला वेडा ठरवून त्याची मालमत्ता ताब्यात घ्यायचा त्याच्या थोरल्या मुलीकडून प्रयत्न झाला, आणि धाकटीने त्याविरुद्ध वर पत्र लिहिलं. धाकटीचं नाव कॉर्डेल. नाटकाचा पहिला नोंदलेला प्रयोग २६ डिसेंबर १६०६चा, राजा पहिल्या जेम्ससमोर. ही बातमी शेक्सपिअरच्या कानावर होती की नाही, यावर अभ्यासक भांडोत. दरबारातल्या काहींच्या कानावर नक्की असणार.

लोकांना हे नाटक बघवत नसे, हेही खरं. १६८१ मध्ये नेहम टेट या नाटककाराने शेवट गोड करून टाकला, लिअर जगतो, कॉर्डेलियाचं लग्न लागतं, आणि दीडशे वर्षं लोक तेच बघत राहिले. तिसरा जॉर्ज राजा खरोखरच भ्रमिष्ट झाला तेव्हा तर १८२० मध्ये तो जाईपर्यंत लंडनच्या रंगभूमीने हे नाटक लावणंच बंद ठेवलं.

मी पुन्हा-पुन्हा वाचते तो चौथ्या अंकाचा शेवट. कॉर्डेलिया परत आलीय, आणि तिच्याबरोबर एक डॉक्टर आहे. त्याला नावही नाही. नंतरच्या प्रतीत तर तो नुसता 'एक गृहस्थ' होऊन बसतो. पण संपूर्ण नाटकात लिअरला काय झालंय यापेक्षा त्याचं काय करायचं हे विचारणारा तो पहिला माणूस. वनस्पतींची औषधं देऊन झोपवतो. झोपेतच स्वच्छ कपडे घालायला लावतो. जागं करताना संगीत ठेवतो. आणि कॉर्डेलियाला सांगतो, डोळे उघडतील तेव्हा तुम्ही समोर असा.

लिअर जागा होतो आणि स्वतःच स्वतःची तपासणी सुरू करतो. हे हात माझेच आहेत याची खात्री देत नाही. टाचणी टोचून बघतो. कळलं! वय ऐंशी आणि वर. बरोबर. ही जागा कुठली? माहीत नाही. कपडे? हे कधी पाहिलेले नाहीत. काल रात्री कुठे झोपलो? आठवत नाही. मी फ्रान्समध्ये आहे का? केंट सांगतो, तुमच्याच राज्यात. "फसवू नका मला." तो कबूलही करतो, माझं डोकं ठिकाणावर नसावं अशी भीती वाटते. आणि यातच, "हसू नका, पण ही बाई माझी लेक कॉर्डेलिया असावी असं वाटतंय." मी हे वाचताना गुण देत होते, हे आठवून आता ओशाळायला होतं. जागेला शून्य, व्यक्तीला पूर्ण.

मग तो म्हणतो, विष दिलंस तर पिईन. तुझ्या बहिणींनी छळलं त्यांना काही कारण नव्हतं, तुला आहे.

कॉर्डेलिया म्हणते, "काही कारण नाही. काही कारण नाही."

कारण होतं. भर दरबारात तिला अनाथ केलं होतं. पहिल्या अंकात प्रेमाचा एक जास्तीचा शब्द तोंडातून काढायला नकार देणारी, 'काही नाही' म्हणून राज्यावर पाणी सोडणारी ही मुलगी इथे चक्क खोटं बोलते. दोनदा. कॉलेजात हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. डॉक्टर पुढे बजावतो, गेलेला काळ त्यांच्याकडून जुळवून घ्यायला जाऊ नका, धोका आहे. आत न्या, अधिक विचारू नका.

बाबा त्या दिवसांत रोज संध्याकाळी विचारायचे, "दादा आला का?" त्यांचे थोरले भाऊ. मी राहायला गेले होते तेव्हा पहिल्याच संध्याकाळी, खरं बोलायचं वळण त्यांनीच लावलेलं असल्यामुळे, खरं सांगितलं, "बाबा, दादाकाकांना जाऊन अकरा वर्षं झाली." ते लहान मुलासारखे रडले. आत्ताच बातमी आल्यासारखे. मला कुणी कसं कळवलं नाही, मी खांदा द्यायला नव्हतो, म्हणत राहिले. तासाभराने डोळे पुसून शांतपणे विचारलं, "दादा आला का?" मी तोंड उघडणार एवढ्यात ताई आतून म्हणाली, "येतायत. जेवून घ्या, तोवर येतील." बाबा उठून पानावर बसले. ताई मला एवढंच म्हणाली, "रोज मारतेस कशाला त्यांना?"

त्यानंतर बाबांना भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडचं ते वाक्य मला ऐकवेनासं झालं. "काय, ओळखलं का? सांगा बघू मी कोण?" लोक प्रेमानेच विचारतात. बाबा प्रत्येकाला हसून म्हणायचे, "अहो, तुम्हाला कोण ओळखत नाही!" या उत्तराला मी ३० पैकी ३० दिले असते.

शर्टाची बटणं मात्र रोज एक घर चुकायची. वरचं बटण दुसऱ्या काजात, मग सगळीच एकेक खाली, शेवटी एक काज रिकामं आणि एक बटण लोंबतं. ताई समोर उभी राहून सगळी सोडायची आणि पुन्हा लावायची, वरून खाली. ते छताकडे बघत उभे राहायचे. लिअर वादळात स्वतःचे कपडे ओढून काढतो तेव्हाही बटणच काढा म्हणतो, आणि मरताना, कॉर्डेलियाचं प्रेत पुढ्यात असताना, "कृपा करून हे बटण काढा. आभारी आहे." आभारी आहे! नाटकाच्या सुरुवातीच्या राजाने बटणासाठी कुणाचे आभार मानले असते?

त्याच्या जरा आधी एक जागा आहे, बहुतेक प्रयोगांत ती हातातून निसटते. हद्दपार झालेला केंट वेश बदलून, केयस नावाचा नोकर बनून, नाटकभर लिअरबरोबर राहिलेला असतो. शिव्या, खोडा, वादळ, सगळं त्याने सोसलंय. आता अखेरच्या घटकेला त्याला एकदा सांगायचंय, की तो मीच. लिअर त्याला केंट म्हणून ओळखतो. केंट विचारतो, तुमचा नोकर केयस कुठे आहे? लिअर म्हणतो, "चांगला माणूस होता तो. मेला." नाही महाराज, तो मीच, केंट सांगतो. "बघतो हं," लिअर म्हणतो. थोड्या वेळाने, "ये, तुझं स्वागत आहे." ते दोन धागे त्याच्या डोक्यात जुळत नाहीत ते नाहीतच. शेजारी उभा असलेला एक जण म्हणतो, आपण कोण हे त्यांना सांगून आता उपयोग नाही.

शेवटच्या वर्षात बाबा मला बऱ्याचदा ओळखायचे. मी महिन्यातून दोन दिवस जायचे. ताईला नाही ओळखायचे. एकदा निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं, आवाज खाली आणला, आतल्या खोलीकडे बोट केलं. "इथल्या बाई चांगल्या आहेत हं. फार करतात माझं. त्यांचा पगार वेळेवर देत जा."

ताई दारातच उभी होती, हातात त्यांचा धुतलेला शर्ट. "ऐकलंस ना?" ती मला म्हणाली. "दहा वर्षांचा थकलाय."